कार्डाच्या पाठीवरची सही

दुम्यात, मंगळवार, २ ऑक्टोबर २०१८

इन्साफ बाळ,

तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू खरं लिहिणार नाहीस. तुझी वहिनी करीमान विचारते, कैरोत एकटी राहून नीट जेवतेस की नुसता पाव चहात बुडवतेस. त्याचंही उत्तर खोटंच येईल, पण दे.

उद्या बुधवार. बयूमीकाका नेहमीसारखा कैरोहून नव्या पोस्टरांची गुंडाळी घेऊन येईल, परत जाताना हे पत्र त्याच्या हाती देईन. फोनवर बोलावं म्हटलं तर तुझा फोन ऑफिसच्या दारात जमा असतो आणि माझा तुझ्या वहिनीच्या कानाला.

काल तुमच्या कंपनीची नोटीस आली. माझ्याच हाताने तिकीट खिडकीच्या काचेवर चिकटवली. खुल्या कार्डाच्या अटी बदलल्या. खुलं म्हणजे काय, तर वर्षाची वर्गणी भरली की कुठलाही सिनेमा, कुठल्याही दिवशी, कितीही वेळा. असं सांगून तुम्ही आम्हाला विकायला लावलं. आता म्हणे आठवड्याला दोनच सिनेमे, नवा सिनेमा पहिले दहा दिवस नाही, आणि आत शिरताना फोनवर स्वतःचा फोटो काढून पाठवायचा.

काल खिडकीपुढे जो तमाशा झाला त्याला तिकीट लावलं असतं तर हाऊसफुल्ल गेला असता. हज्जा सिकीना म्हणाली, "अरे हिलमी, मी काय सिनेमा बघायला येते होय? मी येते थंडाव्याला डुलकी काढायला. आता डुलक्या पण दोनच मोजणार का रे लेकरा?" न्हावी म्हणाला, दहा दिवसांनी नवा सिनेमा म्हणजे दहा दिवसांची ताजी मासळी. सगळे हसले. मीही हसलो.

हसला नाही तो उस्ता मुतवल्ली. नक्षीकामाचा कारखाना त्याचा, बाजारातले निम्मे सुतार त्याच्या हाताखाली शिकलेले. तुला आठवत असेल, कार्डं आली तेव्हा कुणी घेईना. मी मानेवर हात ठेवून म्हटलं, "बिघडलं तर माझ्या मानेवर." आपल्या गावात एवढं म्हटलं की कागद लागत नाही. पण मुतवल्ली म्हणाला, "प्लास्टिकला जीभ नसते हिलमी, पाठीवर तुझं नाव लिही." मी लिहिलं, 'हिलमी जबाबदार.' त्याचं बघून सगळ्यांनी लिहून घेतलं. तीनशेच्या वर कार्डांवर माझी सही आहे बाळ. तो काल कार्ड उलटं करून काचेला लावून उभा राहिला.

तू तिथे तक्रारींची उत्तरं लिहितेस. जरा विचार ना तुमच्या लोकांना, हे एवढ्यावर थांबणार आहे का?

तुझा दादा,
हिलमी


कैरो, मंगळवार, ९ ऑक्टोबर

दादा,

जेवते. काल भात आणि भेंडी केली होती, वहिनीला सांग. (भेंडी करपली, ते सांगू नकोस.)

नोटिशीबद्दल काळजी करू नकोस. सगळ्या शहरांतून तक्रारी येताहेत. मी दिवसाला दोनशे उत्तरं लिहिते, सगळ्यांची सुरुवात एकच, 'आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत.' हसू नकोस, लहानपणी गल्लीतल्या बायकांची पत्रं लिहून द्यायचे तेव्हापासूनचं माझं वाक्य आहे हे. इथे ते फार आवडलं, आता सगळा विभाग तेच वापरतो. लोक चार दिवस ओरडतात, मग गप्प होतात. इथले मोठे लोक तसंच म्हणतात.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना वाचून दाखवलं. हज्जा सिकीनाच्या डुलक्यांवर सगळ्या पोट धरून हसल्या. सहीचा किस्सा ऐकून तर शेजारच्या टेबलावरचे नदीम बेसुद्धा हसले. नदीम बे म्हणजे नदीमसाहेब, आमच्या सगळ्या विभागांचे मॅनेजर, एरवी हसण्यावरही वर्गणी लावतील असे. उठून आले, तुझं नाव विचारलं, किती कार्डांवर सही आहे तेही विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. "तुमचे बंधू मजेदार आहेत," म्हणाले.

म्हणजे बघ, वरपर्यंत तुझं नाव पोहोचलं. तू निर्धास्त राहा.

इन्साफ


दुम्यात, मंगळवार, १६ ऑक्टोबर

बाळे,

तुझ्या पत्राने माझ्या उरावरचा धोंडा उतरला. ते घेऊन मी तसाच मुतवल्लीच्या कारखान्यात गेलो. म्हटलं, "उस्ता, कैरोच्या मोठ्या साहेबाला माझी सही ठाऊक आहे. किती कार्डांवर आहे तेही ठाऊक आहे. त्याला मान्य नसती तर बोलला नसता का?" मुतवल्लीने रंधा खाली ठेवला आणि मला चहा पाजला. बातमी दुपारपर्यंत बाजारभर झाली. ज्यांच्या कार्डावर सही नव्हती ते रांग लावून आले. आणखी साठेक सह्या केल्या, बोट दुखलं. करीमान म्हणाली, "दाखवा हात, करून घ्या अवलक्षण." तिला बोलायला काय जातं!

इथवर हे पत्र शनिवारी लिहिलं होतं. काल दुसरी नोटीस आली.

रविवारी खुलं कार्ड चालणार नाही म्हणे! इन्साफ, तू दुम्यातची मुलगी आहेस. बाकीच्यांची सुट्टी शुक्रवारची, पण आपले कारखाने शुक्रवारी अर्धा दिवस का होईना चालतात, सुतारांची सुट्टी रविवारची. आठवडाभर भुसा खाल्लेली माणसं रविवारी दुपारी बायकोपोरांना घेऊन येतात. तीनशेतली अडीचशे कार्डं रविवारचीच. दोन सिनेमे करा, एक करा, पण रविवार काढला म्हणजे कार्डच काढून घेतलं. तुमच्या लोकांना सुट्ट्या सगळ्या एकच वाटतात, उंटावरून शेळ्या हाकायला बसलेत नुसते.

मी नोटीस लावत होतो तेव्हा मुतवल्ली रस्त्याच्या पलीकडून बघत होता. वाचून झाल्यावर खिडकीशी आला. मला वाटलं शिव्या देईल. त्याने फक्त स्वतःच्या मानेवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नदीम बेंना सांग ना, ते तर मला ओळखतात आता.

हिलमी


कैरो, मंगळवार, २३ ऑक्टोबर

दादा,

नवीन सह्या करू नकोस. एकही नाही. आधी केल्यात त्या स्पिरिटने पुसता येत असतील तर लोकांना बोलावून पुसून टाक, काहीतरी कारण सांग. का ते विचारू नकोस. मी असं लिहिलं हे कुणाला सांगू नकोस, हे पत्र जाळ.

आणि रजा काढून तू नि वहिनी पोरींना घेऊन मौलिदच्या सणापर्यंत इकडे या. माझी खोली लहान आहे, पण मावू. मिठाईची दुकानं सजायला लागली आहेत. दादा, खरंच या.

भेंडीबद्दल खोटं लिहिलं होतं. मी जेवत नाहीये नीट.

इन्साफ


दुम्यात, मंगळवार, ३० ऑक्टोबर

इन्साफ,

पत्र जाळलं. पण सही पुसायची नाही. नाव पुसायला स्पिरिट मिळेल, मग हे तोंड कशाने पुसू?

तुझी भीती मला कळते. नोकरी जाईल म्हणून घाबरलीस ना? तुला तिथे लावताना मी कंपनीच्या त्या इन्स्पेक्टरपुढे मानेवर हात ठेवला होता, म्हणालो होतो, घटस्फोट झालेली असली तरी पोरगी सोन्यासारखी आहे, काही चुकलं तर मला विचारा. तेव्हा माझ्यासाठी भांडू नकोस, तुझी खुर्ची सांभाळ. मी बघून घेईन.

इथलं ऐकवत नाही, पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला? आता कुणी ओरडत नाही. पाववाल्याकडे गेलो, त्याने पाव दिला आणि मानेवर हात ठेवला. न्हावी वस्तरा चालवता चालवता थांबला आणि त्याच वस्तऱ्याच्या हाताने स्वतःची मान चोळली. मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो, घरी येऊन उरलेली केली. कुणी वाईट शब्द बोलत नाही, सलामाला सलाम मिळतो, पण हात मानेवर जातो.

रविवारी दुपारी सुतार आले. कार्ड चालत नाही हे माहीत असून आले. नव्या शर्टात, बायकापोरांशिवाय. समोरच्या चहाच्या दुकानापुढे चाळीसएक जण उभे राहिले, हातात चहाचे ग्लास, नजर खिडकीवर. खेळ संपेपर्यंत उभे होते, मग गेले. करीमान म्हणते खिडकी बंद ठेवत जा. तीस वर्षांत खेळाच्या वेळी मी खिडकी बंद केलेली नाही.

मला भीती वाटली, इन्साफ. तुझ्यापाशी कबूल करतो. हीच माणसं माझ्या लग्नाचा पलंग खांद्यावरून घेऊन आली होती.

हिलमी


गुरुवार, १ नोव्हेंबर २०१८
सर्व शाखांसाठी. दर्शनी भागी लावावे.

प्रिय सदस्य,

आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत. आपल्याला अधिक चांगली सेवा देता यावी यासाठी खुल्या कार्डाच्या अटींत पुढीलप्रमाणे भर घालण्यात येत आहे.

कलम चौदा. ज्या कार्डावर छापील मजकुराखेरीज हाताने काहीही लिहिलेले असेल, ते कार्ड बिघडवलेले समजून आजपासून रद्द करण्यात येईल. वर्गणी परत मिळणार नाही. कंपनीच्या कोणत्याही कागदावर हाताने लिहिलेला मजकूर ग्राह्य धरला जाणार नाही. शाखेतील कर्मचाऱ्याने दिलेला कोणताही शब्द हा त्याचा वैयक्तिक शब्द समजावा.

आपल्या सहकार्याबद्दल आभार.

सदस्य सेवा विभाग


दुम्यात, मंगळवार, ६ नोव्हेंबर

इन्साफ,

नोटीस चिकटवून भागलं नाही. कितीजणांकडे चष्मा नसतो, म्हणाले, तूच वाच. मी स्टुलावर उभा राहून मोठ्याने वाचली. पहिल्या ओळीलाच माझी जीभ अडखळली. गल्लीतल्या त्या बायकांची पत्रं तू मला वाचून दाखवायचीस, त्याच आवाजात मला सगळं ऐकू आलं, कलम चौदासकट.

मी रागावलेलो नाही. तुझ्यापुढे कागद ठेवला असेल आणि लिही म्हटलं असेल. आणि तो किस्सा तू हसतहसत सांगितलास, तुला काय ठाऊक तो माणूस हसता हसता मोजतोय. चूक माझी, साहेब हसला म्हणजे मान्य झालं असं मी गावभर सांगितलं.

वाचून झाल्यावर मुतवल्लीने एकच प्रश्न विचारला. "फक्त आपल्या गावच्या कार्डांवर लिहिलेलं आहे. कैरोला हे सांगितलं कुणी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी सांगितलं."

काय करणार? तुझं नाव घेतलं असतं तर आईबापांच्या घराची दारं तुला बंद झाली असती. मी म्हटलं, मीच बढाई मारली, मीच घात केला, आता मीच निस्तरतो. येत्या रविवारी, अकरा तारखेला, दुपारच्या खेळाला सगळ्यांनी या, बायकापोरांना घेऊन, रद्द झालेली कार्डं घेऊन. सगळ्यांना आत सोडीन. माझ्या मानेवर.

मुतवल्ली म्हणाला, "ही शेवटची, हिलमी."

चावी माझ्याजवळ आहे. मशीनवाल्यालाही सांगून ठेवलंय. तू यात पडू नकोस.

दादा


कैरो, शुक्रवार, ९ नोव्हेंबर

दादा,

बुधवारपर्यंत थांबायला वेळ नाही म्हणून अब्बूदच्या अड्ड्यावर येऊन मिनीबसवाल्याच्या हाती हे देते आहे. तुझा फोन परवापासून बंद लागतो. कंपनीने दिलेलं सिमकार्ड होतं ते, आता कळलं का बंद आहे.

रविवारी उघडू नकोस. त्यांना कळलंय. पहाऱ्याची सहा माणसं गाडी घेऊन येणार आहेत, हुकूम मी पाहिला. पाहिला कसला, मीच टाइप केला. कलम चौदाही मीच लिहिलं. नदीम बे म्हणाले, कार्डं कमी करायला सभ्य कारण हवं आहे, तुमच्या बंधूंच्या किश्शावरून सुचलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी लिहिलं दादा. नेहमीसारखं लिहिलं. मग स्वच्छतागृहात जाऊन रडले आणि परत येऊन उरलेल्या तक्रारींना उत्तरं लिहिली. लोक केसाने गळा कापतात म्हणतात, मी तुझा गळा व्याकरण सांभाळून कापला.

नऊ ऑक्टोबरलाच त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी मुद्दाम तुला आणखी सह्या करू दिल्या.

तू मला वाचवायला खोटं बोललास. ते खोटं परत घे. मुतवल्लींना सांग की बहिणीने सांगितलं. मला गावात घेऊ नका म्हणावं. पण चावी फेकून दे आणि इकडे ये.

इन्साफ


दुम्यात, बुधवार, १४ नोव्हेंबर

इन्साफ,

मी करीमान. तुझं पत्र सोमवारी पोहोचलं. मिनीबसवाल्याने शनिवारी खिडकीवर दिलं, खिडकीवर नवा माणूस होता, त्याने ते पोस्टरांच्या खाली टाकून दिलं. तुझ्या दादाने ते वाचलं नाही. मी वाचलं. तुला शाप द्यायला तोंड उघडलं होतं, पण त्याच तोंडाने मी तुझी वेणी घालताना गाणी म्हटली आहेत. मिटून घेतलं.

ऐक काय झालं ते. शनिवारी नवा माणूस आल्यावर नोकरी गेली हे यांना कळलं होतं. तरी रविवारी सकाळी अंघोळ करून पांढरा शर्ट घातला. म्हणाले, दिलेला शब्द आहे. मागच्या दाराची चावी यांच्याकडे होती, त्या दाराने सगळ्यांना आत घेतलं. सगळं थिएटर भरलं. हज्जा सिकीना पहिल्या रांगेत बसली होती आणि त्या दिवशी ती झोपली नाही. सिनेमा अर्धा झाला आणि दिवे लागले. कैरोची माणसं दोन्ही दारांत उभी. त्यांच्या म्होरक्याने हात जोडून गोड आवाजात सांगितलं, "कुणीही घाबरू नका. आम्हाला फक्त हिलमीसाहेबांना दोन प्रश्न विचारायचे आहेत. त्यांनी आम्हाला आजवर फार मदत केली आहे."

शेवटचं वाक्य त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

मुतवल्ली उठून उभा राहिला होता. ते ऐकून खाली बसला. तुझ्या दादाने त्याच्याकडे बघून मानेवर हात ठेवला. मुतवल्लीने तोंड फिरवलं. मग ती माणसं यांना गाडीत घालून घेऊन गेली. एकाही माणसाने वाट अडवली नाही.

दोन प्रश्नांना चार दिवस लागतात का? गाव म्हणतं हिलमी कैरोत बक्षीस घेऊन बसलाय. पाववाला मला पाव देतो आणि मानेवर हात ठेवतो. काल धाकटी शाळेतून आली, विचारत होती, "आई, मुली मला बघून अशा का करतात?" आणि तिने करून दाखवलं.

तुमच्याकडे अर्ज लागतो म्हणे. सोबत जोडला आहे. माझा नवरा कुठे आहे ते लेखी सांगा.

करीमान


कैरो, सोमवार, १९ नोव्हेंबर २०१८

प्रिय सदस्य,

आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत. आपल्या अर्जात उल्लेख केलेली व्यक्ती १ नोव्हेंबरपासून कंपनीच्या सेवेत नाही. सदर व्यक्तीने सदस्यांना दिलेला शब्द वैयक्तिक असून त्याच्याशी कंपनीचा संबंध नाही. कार्डे बिघडवल्याबद्दल तिच्याविरुद्ध रीतसर फिर्याद नोंदवण्यात आली आहे. अधिक माहिती देता येत नाही.

आपल्या सहकार्याबद्दल आभार.

सदस्य सेवा विभाग

(कागदाच्या मागच्या बाजूला, निळ्या पेनाने)

वहिनी, या कागदाच्या पुढच्या बाजूचं उत्तरही मीच टाइप केलं आहे. मागचं मी लिहिते आहे, आणि खरं ते मागचं.

दादा जिवंत आहे. ऑफिसच्या मागच्या पोलीस चौकीत आहे. काल पाच मिनिटं भेटू दिलं. दाढी वाढली आहे, बोलतो कमी. पहिला प्रश्न त्याने विचारला, "तू जेवलीस का?" मी हो म्हटलं, आणि पहिल्यांदाच ते खरं होतं, कारण त्याच्यासाठी नेलेला पाव पहारेकऱ्याने आत जाऊ दिला नाही आणि मी तो दारातच बसून रडत खाल्ला होता.

वकील म्हणतो, त्याच्या सह्या कंपनीला आधीपासून माहीत होत्या आणि त्यांनी करू दिल्या, हे कुणी आतल्या माणसाने सांगितलं तर फिर्याद टिकणार नाही. आतलं माणूस मी आहे. उद्या मौलिदची सुट्टी, परवा सकाळी दहाला माझा जबाब आहे. नदीम बेंना आजच कुणकुण लागली आहे. त्यांनी माझा फोन मागून घेतला, फार प्रेमाने. "तुम्हाला घरी सोडायला गाडी देतो, रस्ते बरे नाहीत," म्हणाले. मी नको म्हटलं. गाडी तरीही खाली उभी आहे, मला खिडकीतून दिसते आहे. तिच्यात दोन माणसं आहेत आणि ती वर बघत आहेत. मी मागच्या जिन्याने उतरणार आहे.

हा कागद मी आधी बयूमीकाकाच्या गुंडाळीत घालते, मग निघते. परवा मी दहाला तिथे पोहोचले तर दादा घरी येईल. नाही पोहोचले तरी हा कागद तुझ्याकडे असेल. तो उस्ता मुतवल्लींना दे. चष्मा नसेल तर स्टुलावर उभी राहून मोठ्याने वाच, सगळ्या बाजाराला ऐकू जाऊ दे. कैरोला सांगितलं ते हिलमीने नाही, त्याच्या बहिणीने सांगितलं. हिलमीचा शब्द खोटा नव्हता, खोटं आम्ही छापलं.

कलम चौदाप्रमाणे हाताने लिहिलेला हा मजकूर ग्राह्य नाही. दुम्यातमध्ये तो चालेल असं मला वाटतं.

इन्साफ जबाबदार.